ऐरणीवरचे राजे

रफीकभाईंच्या बायकोचा, शमीमभाभींचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात बँकेच्या रांगेत उभा होतो. "सर, तुमचे दोस्त गेले. छातीत कळ आली, तेवढंच…" रांग पुढं सरकली, मी तिथंच राहिलो.

रफीकभाईंचं कुपवाडला लोहारकामाचं वर्कशॉप होतं. आठवडाभर तापलेलं लोखंड ठोकायचे आणि सुट्टीला फ्रान्सच्या जुन्या राजांची चांदीची नाणी घेऊन बसायचे. यंत्र येण्याआधीची, हातोड्यानं एकेक ठोकून पाडलेली. मी आपल्याकडची शिवराई जमवणारा. साताऱ्यातल्या एका प्रदर्शनात ओळख झाली, तेव्हा त्यांनी खिशातून एक नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. त्यावरच्या राजाला दोन नाकं होती. "दुसरा घाव घालताना पाडणाऱ्याचा हात हलला बघा," ते हसत म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी त्यांचं नवं नाणं बघायला मी कुपवाडला गेलो होतो. तिथं त्यांचा धाकटा भाऊ यासीन आला. वर्कशॉपच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. "माझा वाटा ह्यात घातलास व्हय?" म्हणत त्यानं नाण्यांचा डबा ऐरणीवर पालथा केला, घण उचलला आणि राजांची तोंडं चेचायला लागला. चांदी मऊ, एका घावात चेहरा सपाट. मी मधे पडलो, तर मला भट्टीशेजारी ढकलून दिलं. रफीकभाईंनी उरलेल्या नाण्यांवर उजवा पंजा ठेवला. "मार आता," म्हणाले. यासीननं त्यांच्याकडं बघितलं… आणि मारला.

हाडांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ऐरणीवर रक्त, त्यात चांदी, त्यात बोटं. मिरजेच्या दवाखान्यापर्यंत मी त्यांचा हात माझ्या शर्टात गुंडाळून धरला होता. तीन बोटं गेली.

पोलिसांपुढं त्यांनी काही लपवलं नाही. यासीन तुरुंगात गेला, जामिनावर सुटला. रफीकभाईंना डाव्या हातानं जेवायची लाज वाटायची, भाभी भरवायच्या. एकदा म्हणाले, "बोटांचं काय न्हाई सर. त्यानं आदी माझ्याकडं बघितलं, मग मारला. ते जात न्हाई डोक्यातनं."

फोननंतर मी कुपवाडला पोचलो. जनाजा उचलायच्या वेळी यासीन खांदा द्यायला पुढं आला. दारातून भाभी म्हणाल्या, "त्यानं हात लावायचा न्हाई." आवाज चढवला नव्हता, तरी सगळे थांबले. यासीन मागं सरला आणि कबरस्तानापर्यंत एकटा मागून चालत आला. सगळ्यांनी माती दिली. त्यानंही मूठ भरून घेतली, पण टाक म्हणायला कुणी पुढं झालं नाही, नको म्हणायलाही नाही. आम्ही फाटकाशी पोचल्यावर मी वळून पाहिलं. तो कबरेजवळ उभा होता, मूठ तशीच मिटलेली…