सावित्रीतली गादी आणि गणूमामांची होडी

तुमच्यापैकी कुणीतरी सावित्री नदीत डबल बेडची अख्खी गादी टाकली आहे. नाव माहीत नाही, पण गादीवर निळी फुलं होती. घरी जाऊन तपासा!

मी आणि निखिल दर रविवारी दासगावहून होडी वल्हवत नदीतला कचरा काढतो. 'कुणीतरी काहीतरी करायला हवं' हे कॉलेजात ऐकून ऐकून कान किटले, म्हणून आम्हीच निघालो. कचऱ्याची गोणी निदान रिकामी तरी होते. किस्से मात्र साठतच चाललेत.

होडी गणूमामांची. मामा मासेमारी करतात. अट एकच : "एक जरी तक्रार आली, तर होडी बंद!" आणि आम्हाला दुसरी होडी कोण देणार?

*

तर ती गादी. पाणी पिऊन म्हशीएवढी जड झालेली. ओढता ओढता होडी अशी कलली की निखिल ओरडला, "सोड, सोड!" मी म्हटलं, "आज सोडली तर उद्या कोण काढणार?" घामाघूम होऊन काठावर आणली. कपडे धुणाऱ्या एक काकू सगळं शांतपणे बघत होत्या. म्हणाल्या, "वाळली की सांग गो. आमच्या कुत्र्याला व्हईल."

*

एकदा निखिलला चिखलात हेल्मेट सापडलं. काच शाबूत, पट्टा शाबूत. स्वारी खूश! धुतलं न धुतलं, चढवलं डोक्यावर. पुढच्या क्षणी हेल्मेट हवेत आणि निखिल पाण्यात! आत खेकडा होता.

किस्सा ऐकून गणूमामा म्हणाले, "त्याचं घर हाय ते. इचारून शिरायचंस रे!"

*

पोलादपूरकडे पाणी उथळ, होडी चालत नाही. तिथे आम्ही ट्रकच्या ट्यूबवर बसून फिरतो. कापडे गावाजवळ काठावरच्या एका आजोबांनी विचारलं, "काय गावलं?"

"बाटल्या, आजोबा!"

"भरलेल्या?"

"नाही, रिकाम्या."

आजोबांचा चेहरा पडला. "मग येवढं भिजलात कशाला?"

*

आणि मग तो रविवार. दासगावच्या वळणावर रिकाम्या बाटल्याच बाटल्या, ओळीने तरंगत होत्या. ओळीने! तेव्हाच शंका यायला हवी होती. प्रत्येक बाटलीला दोरी. "बघ, दोरीसकट फेकतात लोक!" असं म्हणत मी चिडून एकेक दोरी कापत सुटले. गोणी भरून काठावर आलो, तर मामा कमरेवर हात ठेवून उभे. त्या बाटल्या त्यांचं जाळं तरंगत ठेवणाऱ्या होत्या. जाळं गेलं तळाला!

तक्रार करणारेही मामा, होडीचे मालकही मामा. त्यांनी दोन्ही वल्ही काढून घेतली.

ओहोटीला चिखलात उतरून आम्ही जाळं काढलं, बाटल्या परत बांधल्या. तेव्हा कुठे मामा म्हणाले, "रविवारी मी येतो संगती. नदीत टाकतो कोण येवढा कचरा? खाडीतनं भरतीला येतो, ओहोटीला जातो. तुमचा नुसता खेळ हाय. खेळच दिसला, तर होडी इसरा!"

*

रविवारी दोन्ही वल्ही मामांच्याच हातात. मला हातसुद्धा लावू देईनात. आणि नेमकी त्याच दिवशी नदी आरशासारखी! एक पिशवी नाही, एक बाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कचरा दिसावा म्हणून देवाचा धावा केला.

"बघितलंस?" मामा म्हणाले. "कुठं हाय?"

पुलाखाली आलो. मी मनातल्या मनात होडीला रामराम ठोकत होते, तेवढ्यात वरून धप्प! हार-फुलांनी गच्च भरलेली, गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी थेट मामांच्या मांडीवर.

मामांनी पिशवीकडे बघितलं. वर बघितलं. मग एक वल्हं माझ्या हातात दिलं.

कठड्यावरून एक गृहस्थ हात जोडून ओरडले, "ओ मामा, देवाचं हाय ते! होडीत नका ठेवू, तेवढं पाण्यात टाका ना!"