घोडी बसली

आमच्या घरातल्या गायी बावीस वर्षं माझ्या हाताखाली आहेत. चौदा गायी, आणि डेअरीवर आमच्या दुधाची फॅट कमी लागली असं कधी झालेलं नाही. आमच्या बावडा गावाच्या अलीकडे-पलीकडे कुणाची गाय फुगली, अडली, पान्हा चोरायला लागली, की लोक आधी मला बोलावतात आणि मग डॉक्टरला. ही फुशारकी नाही. पुढे माझी जी फजिती झाली ती किती उंचावरून पडून झाली, ते कळावं म्हणून आधी सांगून ठेवते.

उसाला तोड चालू होती. आमचे सासरे, म्हणजे आबा, गाय बघून येतो म्हणून अकलूजला गेले आणि संध्याकाळी पिकअपमधून घोडी घेऊन आले. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, आणि आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त शांत. आबांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर होतं. सासूबाईंनी पिकअपला एक चक्कर मारली आणि विचारलं, "ही किती लिटर देती?"

"गाड्या काय, आजकाल कुणीबी घेतंय," आबा म्हणाले. "दारात घोडं पायजे."

सासूबाई आल्या तशा आत चुलीकडे गेल्या. एवढं ठासून सांगितल्यावर बोलणार तरी काय!

घोड्यावर बसायला आमच्यात कुणालाही येत नाही. आबा एकदाच बसले, तेही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पाय टाकून, फोटोपुरते. उतरवायला चौघे लागले. फोटोत आबांचा फेटा छान आलाय, घोडीचं तोंड आलेलं नाही, आणि आबांच्या कमरेला कुणाचे तरी दोन हात दिसतात. तो फोटो त्यांनी फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला.

घोडी सांभाळायची कशी, हे आम्ही कुणालाच विचारलं नाही. चार पाय, एक शेपूट, पुढ्यात टाकलेलं खाते. त्यात विचारायचं काय? गोठ्याच्या टोकाला मी तिला पंधरावी म्हणून बांधली आणि कामाला लागले.

दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की ही रवंथ करत नाही.

गायीवाल्या बाईला याची काय धास्ती असते ते सांगून कळायचं नाही. गायीनं रवंथ सोडला की समजायचं, आत काहीतरी बिघडलंय. मी दुपारची कामं टाकून घोडीसमोर तासभर बसले. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्या जबड्याकडे. जबडा हलायचा तो फक्त खाताना. शेवटी मी तिच्या पोटाला कान लावला. आत गुडगुड चालली होती, म्हणजे पोट होतं जागेवर. अशक्तपणा असणार, असं मी निदान केलं आणि गायींची गोळी पेंड तिला दोन्ही वेळेला सुरू केली.

चौथ्या दिवशी दुसरी भानगड निघाली. घोडी बसत नव्हती. सकाळी धार काढायला जावं तर उभी, दुपारी उभी, दिवे लावायच्या वेळी उभी. आमच्या गायी पोटभर खाऊन अशा पसरतात की त्यांच्याकडे बघून माणसाला झोप यावी. ही मात्र डोळे मिटून, एक मागचा पाय जरा ढिला सोडून उभ्याउभ्याच पेंगायची. शेजारचे तात्या, ज्यांना सगळ्यातलं सगळं कळतं, ते येऊन बघून गेले आणि "गुडघ्यात वात हाय" म्हणाले. आमच्या ह्यांनी सगळ्यात जुन्या गायीखालची रबरी मॅट काढून घोडीखाली घातली. मग मॅटवर उसाचं पाचट घातलं. पाचटावर पोती घातली. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. घोडी त्या गादीवर चढून, आणखी उंच होऊन, उभीच राहिली.

आठवड्याभरात वस्तीवरची माणसं चहाच्या वेळेला घोडी बसली का ते विचारायला यायला लागली. आबांची भूक गेली. ते गोठ्यात खुर्ची टाकून घोडीसमोर बसायचे आणि तिला सांगायचे, "अगं, मी बसलोय बघ. असं. सोपं असतंय."

आता प्रश्न असा, की डॉक्टरला का नाही बोलावलं? बारामतीहून आमच्या गायींना एक डॉक्टरबाई येतात. तरुण आहेत, हुशार आहेत, घोड्यांचंही त्यांना कळतं. फोन मी दोनदा हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. मी त्यांना जनावर बसवायचं कसं ते विचारू? चौदा गायींची मालकीण? माझ्या तोंडून ते निघेना. एवढंच कारण होतं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

मग नवव्या दिवशी सकाळी, मी दुधाच्या कासांड्या धूत होते, तेवढ्यात आबांची हाक आली. "बसली! पोरी, बसली!"

मी धावले, आणि मागोमाग वस्तीही धावली. घोडी खरंच बसली होती. बसली काय, आडवीच झाली होती. मान वळवून आपल्या पोटाकडे बघत होती. मग ती पाठीवर उलटली, चारी पाय हवेत झाडले, उठली, पुढच्या पायाने माती उकरली आणि पुन्हा धाडकन पडून लोळली.

"खेळतीय," मी म्हणाले. हे शब्द माझेच. "आता घोर न्हाय. जनावर लोळाय लागलं म्हंजी जागा मानवली."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी नारळ फोडला. मी पंधरा माणसांचा चहा टाकला, आणि आमच्या ह्यांनी लोळणाऱ्या घोडीचा व्हिडिओ काढून, खाली तीन फुलं टाकून, स्टेटसला ठेवला.

पाच मिनिटांत डॉक्टरबाईंचा फोन. ह्यांनी हसतच स्पीकरवर घेतला.

"आधी उठवा तिला!" त्या ओरडल्या. "ती बसलेली नाही, तिच्या पोटात कळा येताहेत. आतडं अडलंय. अशी लोळत राहिली तर आतड्याला पीळ पडेल, मग मी येऊनही उपयोग नाही. उभी करा आणि हळूहळू चालवत ठेवा. खायला काही नाही. आणि घशात काहीही ओतायचं नाही!"

ते शेवटचं त्यांनी बरं सांगितलं, कारण तात्या तेलाची बाटली आणि बांबूचं नळकांडं घेऊन दारात उभेच होते.

माझ्या हातात चहाचं पातेलं होतं. ते मी कुठे ठेवलं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी ते गव्हाणीत सापडलं.

बारामतीहून आमच्याकडे यायचं म्हणजे नुसता रस्ता लांब नाही, तोडीच्या दिवसांत पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांची रांग असते. तोवर आम्ही घोडी चालवत होतो. पुढे मी दोरी धरून, बाजूला आबा, मागे पंधरा चहावाले. घोडी घामाने भिजली होती, मध्येच गुडघे वाकवायची, आणि मग सगळे मिळून "हो हो हो" करून तिला पुढे काढायचे. फेऱ्या मारता मारता लोक वाढले. फाट्यावरच्या एकाला वाटलं आबांची मिरवणूक आहे. तो हलगी घेऊन आला आणि लागला वाजवायला.

"मिरवणूक कशाची हो?" कुणीतरी विचारलं.

"शेण पडायची," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. नंतर त्यांनी हलगीवाल्याला असं काही झापलं की तो हलगी पाठीवर टाकून निमूट मागून चालायला लागला.

मला हसू येत नव्हतं. प्रत्येक वेळी घोडी मान वळवून पोटाकडे बघायची, आणि मला वाटायचं ही मला दाखवतीये. तीच गोष्ट ती सकाळी दाखवत होती, आणि मी नारळ फोडू दिला.

डॉक्टरबाई आल्या त्या गाडी बंद न करताच उतरल्या. छातीला नळी लावून ऐकलं, हिरड्या दाबून बघितल्या, इंजेक्शन दिलं. मग एक लांबलचक नळी त्यांनी घोडीच्या नाकातून आत घालायला सुरुवात केली, तेव्हा तात्यांनी डोळे मिटून घेतले. नळीतून औषध आत गेलं. मग त्यांनी विचारलं, "काय काय खाल्लं हिने?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"मला खरं सांगा. त्यावर हिचा जीव आहे."

"थोडी गोळी पेंड," मी म्हणाले. "दोन्ही वेळेला. घमेलंभर." घमेलं म्हणताना माझा आवाज बारीक झाला. मग आमचे हे म्हणाले की उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं त्यांनी टाकलंय, रोज दोन पेंढ्या. आबांनी गुळाचे खडे कबूल केले. तात्यांनी भिजवलेले हरभरे कबूल केले, ते रोज भिंतीवरून टाकत होते. शेवटी सासूबाई. या बाईंनी नऊ दिवस घोडीला बोल लावायचं बाकी ठेवलं नव्हतं. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "चार भाकरी. राती उरल्याल्या. बघत असती हो ती, जाता येता."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "हिला साधा कडबा आणि गवत हवं, थोडं थोडं, दिवसभर. आणि हिंडणं. घोडा हिंडायचं जनावर आहे. आणि घोडा रवंथ करत नाही हो, झोपतोही बराचसा उभ्यानेच. तुम्ही तिला गाय करायला निघाला होतात. सकाळी लोळत होती तेव्हा कुणालाच कसं कळलं नाही?"

"मी म्हनलं खेळतीय," मी म्हणाले. "माजं चुकलं."

"तिचं न्हाय," आबा लगेच म्हणाले. "आनली कुणी? मी. माजं चुकलं."

"आबा, मी बोलले तसं. पंधरा माणसांनी ऐकलंय."

"ऐकू दे. मालक मी हाय!"

"भांडण नंतर करा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता लीद पडायची वाट बघायची. पडली तर जगली."

मग आम्ही वाट बघितली. थोडं चालवायचं, थोडं थांबायचं. बावीस वर्षांत मी आबांसमोर कधी बसले नव्हते. त्या दुपारी आम्ही दोघं एका पोत्यावर, शेजारी शेजारी, एका घोडीच्या शेपटीकडे बघत बसलो होतो. पदर डोक्यावरून केव्हा घसरला ते मला कळलं नाही आणि त्यांनीही बघितलं नाही. शेपूट जरा हलली की आम्ही अर्धे उठायचो. माशी असायची. पुन्हा बसायचो.

उन्हं उतरायला लागली तेव्हा शेपूट वर झाली आणि लीद पडली. चांगली पडली. रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसांनी अशी आरोळी ठोकली की आमच्या गायी बिथरल्या. आबांनी लिदीला हात जोडले. मी हसायला लागले आणि हसता हसता ओक्साबोक्शी रडले, सगळ्यांच्या देखत, कारण ती मेली असती तर माझ्या हातून मेली असती.

डॉक्टरबाईंनी जाण्याआधी घोडीचे दात बघितले आणि सात वर्षांची असेल म्हणाल्या.

"जगती किती घोडी?" आबांनी विचारलं.

"नीट सांभाळली तर पंचवीस वर्षं. तीससुद्धा."

आमच्या गोठ्यात जनावराचं आयुष्य वेतांवर मोजतात. पाच-सहा वेतं झाली, दूध आटलं, की गाय दावणीवरून जाते. कुठे जाते ते घरात कुणी विचारत नाही, आणि दावं माझ्याच हाताने सुटलेलं असतं. घोडीचं तसं कुठे थांबायचं ते ठरलेलं नव्हतं. आबांचे ओठ हलत होते, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरत होता.

"म्हंजी ही माज्या मागं ऱ्हानार," ते म्हणाले.

आमचे हे मोबाइल बघायला लागले. आबा माझ्याकडे वळले. या माणसाने मला आजवर सांगितलं पुष्कळ होतं. विचारलं कधी काही नव्हतं.

"पोरी, माज्या मागं सांबाळशील का हिला? दूध देत न्हाय. कशाच्याच कामाची न्हाय. पर विकायची न्हाय."

मी मनात बेरीज केली. मला चव्वेचाळिसावं चालू होतं. ही जाईल तेव्हा मी साठीच्या पलीकडे असेन, आणि गुडघे माझे आत्ताच बोलतात.

"सांबाळते," मी म्हणाले.

"पर तुला येत न्हाय."

"न्हाय येत, आबा. शिकते."

आबांनी दोरी माझ्या हातात दिली, पण आपली मूठ काही सोडवेना त्यांना. मग तशीच, दोघांनी मिळून धरून, आम्ही तिला पुन्हा चालवायला घेतलं.