लंकामावशीचा उजवा हात

पंचवटीच्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकणारी लंकाबाई ही माझ्या आईची थोरली बहीण. वणीची शाळा संपवून मी नोकरीसाठी नाशकात आलो तो तिच्याच खोलीवर. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "इथं माझं ऐकायचं." मी ऐकलं. ती मात्र जन्मात कुणाचं ऐकलेली नाही. शेवटी तिच्या खांद्यानेच तिचं ऐकणं सोडलं.

२००९च्या थंडीत भरलेली पाटी डोक्यावरून उतरवताना उजव्या खांद्यात कट्कन झालं. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरीच तुटली होती. ऑपरेशन झालं. दोरी शिवली, आणि डॉक्टरांनी मावशीचंच रक्त काढून, यंत्रात गरगर फिरवून, त्यातला पिवळसर भाग टाक्यांवर सोडला. "भरून यायला मदत होईल अशी आशा आहे, खात्री नाही," डॉक्टर म्हणाले. "खरं औषध म्हणजे दीड महिना हात या गळ्यातल्या झोळीबाहेर काढायचा नाही. पुन्हा तुटलं तर शिवणं अवघड आहे."

मावशीने यातलं सोयीचं तेवढं उचललं. "माझंच रगत मलाच घातलं. म्हंजे दुधाला विरजण लावलं. आता लागंल आपोआप."

"मग विरजण लावलेलं पातेलं कुणी हलवतं का मावशी?"

"तू कधी दही लावलंय का रे?"

विषय संपला.

तिसऱ्या आठवड्यात ती "नुसती बसते" म्हणून बाजारात निघाली. रविवार होता, मीही गेलो. मी विकणार, ती बोट दाखवणार, असं ठरलं. पहिल्याच बाईंनी मेथीची जुडी घेतली, नोट पुढे केली. मी हात पुढे केला, तर मावशी खेकसली, "भवानी हाय! दिवसाची पहिली नोट मालकिणीच्या हातात पडती."

"मग घे डाव्या हाताने."

"डाव्या हातानं लक्ष्मी घेऊ? हेच शिकलास का वणीच्या शाळंत?"

आणि उजवा हात झोळीबाहेर! नोट घेऊन कपाळाला लावायची म्हणून निघाला, पण नोटेपर्यंत पोचायच्या आधीच अडकला. मावशीचा चेहरा पांढरा पडला. मी हात धरून अलगद खाली आणला.

"पदर धर, पदरात घे," मी कळवळून म्हणालो.

"पदर मागायला पसरत्यात. विकायला नाय."

बाई नोट धरून तशाच ताटकळलेल्या. मावशीचा हात पुन्हा वळवळायला लागला. आता मात्र मला तिथेच गोदावरीत उडी घ्यावीशी वाटली.

शेजारी लसूण विकणारी नसीमभाभी बसायची. कुणाचं गोणपाट कुणाच्या हद्दीत सरकलं, यावरून दोघींचं वर्षानुवर्षं भांडण. ती उठली. "ए लंके, खांदा तोडलास, आता गिऱ्हाईक पण घालवतेस काय?" तिने नोट आपल्या उजव्या हातात घेतली, मावशीच्या कपाळाला टेकवली आणि तिच्या गोणपाटाखाली सारली. "हाथ मेरा, माथा तेरा. झाली भवानी!"

मावशी म्हणाली, "आधी तुझं गोणपाट मागं घे."

पण दुसऱ्या दिवसापासून पहिली नोट आली, की मावशी नसीमभाभीकडे तिरकं बघून खाकरायची. हात झोळीतच.

दीड महिन्याने डॉक्टरांनी हात हळूहळू वर करून पाहिला. टाके धरले होते. मावशीने श्रेय विरजणाला दिलं, नसीमभाभीने स्वतःला. डॉक्टर म्हणाले, "त्या पिवळ्या पाण्याने झालं की विश्रांतीने, छातीठोक सांगता येणार नाही." माझं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही. "आता मात्र हात रोज हलवायचा, नाहीतर खांदा आखडेल," डॉक्टरांनी निघताना बजावलं.

दुसऱ्या सकाळी गिऱ्हाइकाने नोट पुढे केली. मी म्हणालो, "घे मावशी, उजव्या हाताने! आता परवानगी आहे."

मावशीने हात पदराखाली घेतला. "गप रे. नसीमच्या हातची भवानी झाल्यापासनं दुपारपर्यंत कोथिंबीर उरत नाय. नसीम, ये गं!"

"अगं, खांदा आखडेल!" मी कपाळावर हात मारून घेतला.

नसीमभाभी खदखदली. "बघ लंके, हाथ असा वर न्यायचा. पोरगा रोज करून दाखवतो."

मावशीने मला वेडावून दाखवायला आपलाही उजवा हात उचलला. हळूहळू, दात आवळत. आणि कपाळाला टेकवला.