पेपरातलं आभाळ

अर्नाळ्याच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा एक कोळीण मला रोज दिसायची. एसटीच्या थांब्यामागे बोंबील वाळवायला बांबू रोवलेले असत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची, तीही हातांकडे न बघता. बघायची ती समुद्राकडे. मग पदराला हात पुसत विचारायची, “मास्तर, पेपरात काय लिवलंय? पानी येल का?”

नाव मी कधी विचारलं नाही. हवामानाचा कोपरा तेवढा वाचून दाखवायचो.

नोव्हेंबर संपत आला होता. “आकाश निरभ्र,” मी सांगितलं. अर्धवट वाळलेला माल तसाच सोडून ती बाजाराला गेली. दुपारी मी सातवीला मोसमी वारे शिकवत असताना शाळेच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला.

दुसऱ्या सकाळी ती लिबलिबीत झालेले बोंबील टोपलीत काढत होती. आता ते गिरीजच्या वाडीत केळींना खत म्हणून जाणार होते.

“पेपरात तसंच छापलं होतं हो,” मी ओशाळून म्हणालो.

कमरेवर हात ठेवून ती सावकाश सरळ झाली. “तुमचा काय दोस? माज्या सासऱ्याला नुसत्या वाऱ्यावरून कलायचा. मना पन कलायचा. आता कलत नाय, म्हनून तर तुमाला इचारते.”

चार दिवसांनी नवा माल आला. तिनं पुन्हा तेच विचारलं. पेपरात पुन्हा निरभ्रच होतं. मी घडी घातली.

“मलाही कळत नाही, मावशी.”

तिनं समुद्राकडे बघितलं आणि हातातली जोडी दोरीवर टाकली.