हनुमंत पेशी पोसतो

कामथडीचा हनुमंत पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी सांभाळतो. दर दोन दिवसांनी त्यांना पोषकद्रव घालावं लागतं. त्याचे वडील चिमाजी त्याच आजाराने गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर तो कामावर निघाला.

"सुतकात कुठं?" आई ठकुबाईने दारात अडवलं.

"पेशी मरतील, आये." मग त्याने प्रथमच नीट सांगितलं. पेशी एका रुग्णाच्या होत्या. तो कधीच गेला, त्या बाटलीत वाढताहेत. नवी औषधं त्यांच्यावर तपासतात.

ठकुबाई उंबऱ्यातच मटकन बसली. "माणूस मेला, आन् त्याला खाणारं तू पोसतोस? तुज्या बापाच्या घशाखाली पानी उतरंना, आन् ह्यास्नी येळच्या येळी खायला?"

ती हलेना. हनुमंतने तिच्यासमोरच सहकारी सोनियाला फोन लावला. "आजचं तू घाल. मरू देऊ नकोस."