माळ्यावरच्या रेकॉर्ड्स आणि राजूरचा गणपती

त्या संकष्टीला राजूरच्या गणपतीसमोर उभं राहून मी आरती ऐकली नाही, सहन केली. आजूबाजूची माणसं टाळ्या वाजवत होती, घंटा हलताना दिसत होती आणि माझ्या डोक्यात मात्र कुणीतरी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवत होतं. तीस वर्षं मी दर चतुर्थीला जालन्याहून तिथे जात आलो आहे. त्या दिवशी हात जोडले आणि मनात भांडणच सुरू झालं. इतक्या वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही. एकच मागितलं, तुझी आरती ऐकू येऊ दे. तेवढंही तुला जड झालं?

त्याच्या दीड वर्ष आधी मला मोठं आजारपण आलं. ताप मेंदूपर्यंत पोचला. जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. पुढे शस्त्रक्रिया करून एका कानाच्या आत तार बसवली आणि कानामागे लावायचं, काढता-घालता येणारं यंत्र दिलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हे पूर्वीसारखं ऐकणं नसेल, मेंदूला सगळं नव्यानं शिकावं लागेल. माझी अख्खी नोकरी बियाण्यांची उगवण तपासण्यात झाली, त्यामुळे वाट बघायची मला सवय होती. बोलणाऱ्याचे ओठ बघत बघत शब्द कळू लागले. पण माझ्या बायकोचा आवाज सेलवर चालणाऱ्या बाहुलीसारखा यायचा आणि संगीत म्हणून काही उरलंच नव्हतं. मोबाईलवर भजनं लावून बघितली. अभंग कुठला, गवळण कुठली, काही कळेना. कॉलनीतल्या गुरुवारच्या भजनाला जाणं मी बंद केलं.

परतीच्या बसमध्ये मी यंत्र काढून खिशात टाकलं. घरी गेल्यावर ते कपाटात ठेवायचं आणि पुन्हा लावायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. गाडी सुटता सुटता पंचाहत्तरीचे एक गृहस्थ चढले आणि शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि मान वळवून स्वतःचा कान दाखवला. त्यांच्या कानामागे माझ्यासारखंच यंत्र होतं. माझ्या कानामागचा व्रण त्यांनी ओळखला होता. मी निमूटपणे यंत्र लावलं. ते अगदी सावकाश, ओठ नीट दिसतील असे बोलले. आमच्यासारख्याशी कसं बोलावं, हे आमच्यासारख्यालाच माहीत असतं.

"साहेब, मशीन खिशात कामून ठेवली?"

मी म्हणालो, नुसता गोंगाट येतो. आरतीसुद्धा ओळखू येत नाही.

"म्या चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमधी क्लॅरनेट वाजवली. मशीन बसवली अन् पैल्या दिशी बँड ऐकला, तर रडायलाच आलं. मंग एक गोष्ट कळली. नवं काहीच ऐकायचं न्हाई. जे आतून पाठ हाय, तेच लावायचं. रोज, तेच ते. बिलकुल सोडायचं न्हाई. तुम्हाला काय पाठ हाय?"

'भजनं' असं उत्तर तोंडाशी आलं. पण खरं उत्तर वेगळंच होतं आणि ते मनात येताच मला शरम वाटली. आतून पाठ होत्या त्या माझ्या रेकॉर्ड्स. हैदराबादला शिकत असताना रविवारच्या जुन्या बाजारातून एकेक करून जमवलेल्या एक्केचाळीस रेकॉर्ड्स. परदेशी प्रोग्रेसिव्ह रॉक, अख्ख्या बाजूभर चालणारं एकच गाणं, शब्द थोडे, ऑर्गन आणि गिटार मैलोन्मैल. होस्टेलवर दार लावून मी त्या शेकडो वेळा ऐकल्या. पुढे चतुर्थी धरली तेव्हा हा धिंगाणा देवाच्या माणसाला शोभत नाही, असं माझं मीच ठरवलं आणि सगळ्या लोखंडी पेटीत घालून माळ्यावर चढवल्या. माझ्या लेखी तो त्याग होता.

त्या गृहस्थांचं नाव लिंबाजीराव, राहायला जालन्यातच, मस्तगड भागात. माझं ऐकून ते हसले नाहीत. "पेटी खाली काढा," एवढंच म्हणाले.

पेटी निघाली, पण तिच्याबरोबर ठेवलेल्या रेकॉर्ड प्लेअरचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. दोन दिवसांनी लिंबाजीराव स्वतः घरी आले. पूर्वी रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदाराचे डबे धुंडाळून त्यांनी बरोबर मापाचा पट्टा आणला होता. सुई मी काडेपेटीत कापूस घालून जपली होती. बायकोनं ओल्या फडक्यानं प्लेअर पुसला आणि म्हणाली, "अहो, देवाचं नाव घ्या अन् लावा." मी घेतलं नाही. माझं भांडण मिटलं नव्हतं.

पहिली बाजू नुसता खडखडाट. दुसरी बाजू लावली. तोच खडखडाट, आणि त्यात एक टिक. मग पुन्हा टिक. रेकॉर्डच्या प्रत्येक फेरीला एक. होस्टेलवर एका मित्राच्या हातून स्टीलचा पेला त्या रेकॉर्डवर पडला होता, तो हा ओरखडा! कितव्या टिकनंतर ढोल सुरू होतो, हे मला बोटांवर पाठ होतं. मी मोजू लागलो. मोजणी संपली आणि नेमक्या त्या जागी ढोल आला. सरळ चाराचा ठेका नव्हे, सात मात्रांचा, रूपक तालासारखा. तीन, दोन, दोन. तीन, दोन, दोन. माझा हात गुडघ्यावर आपोआप पडू लागला. लिंबाजीरावांनी माझा दुसरा हात धरून स्पीकरच्या लाकडावर ठेवला. ऑर्गनचा खालचा सूर तळहातातून वर चढला, आणि कानात जो नुसता गोंगाट होता त्याच्या आतून, धुक्यातून गाव दिसावं तशी, ती चाल उभी राहिली. कानानं किती ऐकलं आणि आठवणीनं किती भरलं, मला सांगता येणार नाही. मी एवढंच सांगतो की ते संगीत होतं. बाजू संपेपर्यंत मी बसून राहिलो. देवळातसुद्धा मी इतका स्तब्ध कधी उभा राहिलो नव्हतो. न घेतलेलं नाव आता आपोआप ओठांवर आलं होतं.

त्यानंतर रोज दुपारी एक रेकॉर्ड. महिन्याभरानं गिटार आणि ऑर्गन वेगळे कळू लागले. एका सकाळी स्वयंपाकघरातून "चहा घेता का?" असं ऐकू आलं. मी वर्तमानपत्र वाचत होतो, ओठ दिसत नव्हते. तो आवाज माझ्या बायकोचा होता. बाहुलीचा नव्हे, तिचाच, थोडा बसका. मी तिला तोच प्रश्न तीनदा विचारायला लावला. तिसऱ्यांदा तिला नीट विचारताच आलं नाही.

पुढे एकदा मी लिंबाजीरावांना विचारलं, तुम्ही त्या दिवशी राजूरला कोणत्या नवसाला आला होता? त्यांना हसू आवरेना. "म्या कुठं दर्शनाला आल्तो? भोकरदनहून घरी येऊन राह्यलो होतो. आमची गाडी राजूरपाशी बंद पडली, तर कंडक्टरनं तुमच्या गाडीत बसवलं. एकच जागा खाली होती." मी आजही त्याचा अर्थ लावायला बसत नाही.

मी देवाकडे कान मागितले होते आणि ते कुठल्या वाटेनं द्यायचे, तेही त्याला बजावून सांगितलं होतं. आरतीतून दे, भजनातून दे. त्यानं माझी वाट घेतली नाही. जे मी त्याच्या नावानं टाकून दिलं असं समजत होतो, ते त्यानं तीस वर्षं माझ्यासाठी माळ्यावर जपून ठेवलं होतं.

सगळंच परत आलेलं नाही. बासरी अजून कुकरच्या शिट्टीसारखी येते. तक्रारीच्या सुरात मी हे लिंबाजीरावांना सांगितलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मला क्लॅरनेट अजून आली न्हाई, साहेब. सात वर्षं झाली. ढोल तेवढा येतो."

जो सूर त्यांच्या हातांनी चाळीस वर्षं वाजवला, तो त्यांनाच मिळालेला नव्हता, आणि त्याच माणसानं मला माझे सूर आणून दिले होते. मी विचारलं, मग तुम्ही देवाला काही विचारत नाही?

"रोज मशीन लावतो," ते म्हणाले. "इच्छा त्याची. म्या दार उघडं ठिवलंय." आणि रेकॉर्डची बाजू उलटायला त्यांनी मला खूण केली.