नागीण आणि सुनेचा गाऊन

"घरात कुणी गरोदर बाई आहे का?" त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी नाही म्हणाले.

त्याआधी त्यांनी माझी कंबर नीट तपासली होती. उजव्या बाजूला, मणक्यापासून पोटापर्यंत, पाण्याच्या फोडांचा पट्टा आणि त्यावर वाळलेला गेरू. "हर्पीस झोस्टर," त्या म्हणाल्या. म्हणजे आपली नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो नसांच्या मुळाशी झोपून राहतो. वय झालं, अंगातला जोर कमी झाला की त्याच नसेच्या वाटेनं वर येतो, म्हणून पट्टा एकाच बाजूला उठतो. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो, असं काही नसतं, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत, त्याला फोडांतल्या पाण्यामुळे कांजिण्या होऊ शकतात. गरोदर बाईला आणि पोटातल्या बाळाला ते धोक्याचं असतं. म्हणून तो प्रश्न.

माझी सून स्नेहल तेव्हा सातव्या महिन्यात होती. रविवारी तिची ओटी भरायची होती.

मी खोटं का बोलले? पहिली शंका आली ती डॉक्टरांचीच. हो म्हटलं की ह्या बाई चार तपासण्या लिहून देणार. पण खरी शंका वेगळी होती. घरात कळलं असतं, तर स्नेहलला त्याच दिवशी पेठ वडगावला माहेरी धाडलं असतं. विहीणबाई तेवढ्यासाठी टपूनच बसल्यात, असं मला वाटायचं. दर फोनला त्यांचं एकच, "लेकीला कवा धाडताय?" मला ओटी आमच्या दारात, मंगळवार पेठेतल्या आमच्या बायकांसमोर भरायची होती. एवढ्यासाठी मी नाही म्हणाले.

आता आधीचं सांगते, कारण तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल.

फोड यायच्या आधीच आग सुरू झाली. कमरेला मुंग्या, मग तवा टेकवल्यासारखी जळजळ. मला मुतखडा वाटला. फोड दिसले तेव्हा शेजारच्या आक्कांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "नागीण हाय ही बाई. दवाखान्यात जाशील तर उलट खवळंल." त्यांनीच मला गेरू लावणाऱ्याकडे नेलं. त्यानं गेरूचा लेप दिला आणि म्हणाला, "वैनी, बिनघोर ऱ्हावा. ही लागट न्हाय, दुसऱ्याला हुत न्हाय." तिथंच माझी मोठी चूक झाली. विषाणूला रोखणाऱ्या गोळ्या फोड उठल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाल्या तर चांगल्या लागू पडतात, आणि तेवढे दिवस मी लेप वाळवत बसले. घरात सांगितलं, घामोळं आहे.

ह्या आजारात माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, त्यामुळे कुणाला खरं वाटत नाही. पंख्याचा वारा लागला तरी कातडी सोलल्यासारखी होते. चादर नको, उघडं अंगही नको. आणि नेमकी परकराच्या नाडीच्या जागी आलेली नागीण. नाडी आवळली की डोळ्यांत पाणी, सैल सोडली की साडी घसरते. जन्मभर साडी नेसलेल्या बाईनं करायचं काय?

स्नेहल दिवसभर गाऊनमध्ये असते म्हणून मीच तिला टोचून बोलले होते. तोच तिचा निळा, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती गाऊन दुपारी ती झोपली की मी दोरीवरून काढायची आणि घालायची. काय बरं वाटायचं! ती उठायच्या आत घडी करून पुन्हा तिच्या कपड्यांत ठेवायची. मागायचं कसं? मागितलं असतं तर तिनं विचारलं असतं, कशाला हवा?

डॉक्टरांकडून घरी आले तेव्हा डोक्यात तोच गाऊन होता. तो मुला-सुनेच्या खोलीतल्या कपाटात गेला होता. धुवायला काढला तर स्नेहल विचारणार. उद्या बघू म्हणून गप्प बसले. फोडांवर खपली धरेपर्यंत गरोदर बाईपासून लांब राहायला सांगितलं होतं, म्हणून मी तिच्या वाऱ्याला थांबेना. ती स्वयंपाकघरात आली की मी मागच्या दारी. मग ती माझ्याकडे बघत राहायची, नवऱ्याशी हळू आवाजात बोलायची. माझ्या मनात लगेच, ह्यांचं माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय.

आणि रविवारी मात्र मीच तिची ओटी भरली. कमरेला फडकं गुंडाळून, वर परकराची नाडी आवळून साडी नेसले आणि तिच्या शेजारी बसले. बायका म्हणाल्या, "सासूच्या डोळ्यांत पाणी आलं बघा." पाणी नाडीमुळे आलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्नेहलची किंकाळी ऐकू आली. तिनं निळा गाऊन घातला होता आणि कमरेखाली तांबूस-तपकिरी डाग दिसला होता. "रक्त! आई, रक्त जातंय!"

मुलानं, प्रसादनं, गाडी काढली. ती पोटाला दोन्ही हात धरून रडत होती आणि मी शेजारी बसून होते. तो गेरू आहे हे मला माहीत होतं. तरी बोलले नाही. एवढंच नाही, मी मनाशी म्हणत होते, खरंच रक्त असलं तर? माझ्याकडून काही झालंच नसलं तर? त्या रस्त्यावर मी सुनेला रक्तच जात असावं अशी आशा करत होते. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

प्रसूतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "रक्तस्राव नाही. बाळाचे ठोके छान आहेत. पण मग हा डाग कशाचा?"

"गेरूचा," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं.

प्रसाद म्हणाला, "आणि गाडीत गप बसलीस? ती एवढी रडत हुती की गं."

स्नेहल भिंतीकडे बघत म्हणाली, "आई, मला वाटलं तुम्हाला माझा राग आलाय. माझं काय चुकलं, हेच मी ह्यांना रोज विचारत होते."

आता एकच प्रश्न उरला. स्नेहलला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? तिला आठवेना. विहीणबाई वडगावहून धावत आल्या. त्या आता काय बोलतील ते मी मनात आधीच ऐकून ठेवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, गाऊनच पायजे हुता तर मागायचा हुता की! पोरीनं दोन दिलं असतं."

पण कांजिण्यांचं त्यांनाही पक्कं सांगता येईना. "दोघी भनीतल्या एकीला आलत्या. अंथरुणाभोवती लिंबाचा पाला ठेवल्याला आठवतोय. पर थोरलीला का हिला, ते न्हाई ध्यानात."

"आये, एवढं बी आठवंना तुला?" स्नेहल म्हणाली आणि रडायला लागली.

थोरल्या बहिणीला गडहिंग्लजला फोन लावला. ती ठामपणे म्हणाली, "मलाच आलत्या की."

मग रक्ताची तपासणी. व्हॅरिसेला आयजीजी, म्हणजे अंगात कांजिण्यांशी लढणारी शक्ती आधीपासून आहे का, ते बघणं. नसेल तर तिला वेळेत वेगळं इंजेक्शन द्यावं लागणार होतं. रिपोर्ट येईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर. तिच्या दंडावर डास चावल्याची गांधी दिसली तरी मला ती कांजिणीच वाटायची. नर्स हळू बोलली की वाटायचं, लपवताहेत.

रिपोर्ट आला. शक्ती होती. डॉक्टर म्हणाले, "लहानपणी अगदी सौम्य कांजिण्या येऊन गेल्या असतील, कुणाच्या लक्षातही आल्या नसतील. हिला आणि बाळाला भीती नाही. पण हे आपलं नशीब, आजी. तुमची हुशारी नव्हे."

स्नेहल त्याच दिवशी आईबरोबर वडगावला गेली. मी अडवलं नाही.

माझे फोड वाळले, पण कळ राहिली. त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात, म्हणजे कातडी बरी झाली तरी नस दुखत राहते. त्याच्या गोळीनं गरगरतं, म्हणून ती झोपताना घेते. ओल्या गार फडक्यानं थोडा वेळ बरं वाटतं. परकराला नाडीऐवजी सैल इलॅस्टिक घातलं, आणि आता घरात सरळ गाऊन घालते, माझा स्वतःचा. आग सुरू होऊन एका बाजूला फोड दिसले की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गेरू लावू नका. आपला टॉवेल, आपले कपडे वेगळे ठेवा. आणि घरात सांगा. सांगायला लाज वाटते, पण फोड लपले तरी त्यातलं पाणी काय करायचं ते करतंच.

मुलगी झाली. ठणठणीत. तीन महिन्यांनी स्नेहल तिला घेऊन आईबरोबर घरी आली. मी हात पुढे केले. ती उंबऱ्यातच थांबली.

"आई, राग मानू नका. अंगावर आता काही नाही ना?"

विहीणबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "असं इचारत्यात व्हय गं सासूला?"

"विचारू द्या," मी म्हणाले. आत नेऊन कंबर उघडी करून दाखवली. तपकिरी डाग, कोरडे. स्नेहलनं वाकून नीट पाहिलं, बोटानं चाचपून पाहिलं. तिचं बोट लागलं तशी कळ उठली, पण मी हलले नाही. तिची खात्री होईपर्यंत तशीच उभी राहिले.

मग तिनं बाळ माझ्याकडे दिलं.